वैमानिकांचा शीण : एका अनुभवाच्या नामकरणाचा इतिहास

१

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव केळी आणि हळद या दोन पिकांसाठी परिसरात ओळखले जाते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे तो परभणी जिल्ह्याचा भाग झाला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेला. या परिसरातील शेतकऱ्यास रात्री जागण्याची सवय जुनी आहे. पूर्वी पाखरांपासून व रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी तो मचाणावर जागत असे. अलीकडच्या काळात शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री मिळू लागल्यामुळे तो पाणी देण्यासाठी जागतो. या जागण्याला मराठीत ‘जागल’ असा नेमका शब्द आहे.

याच गावाच्या आकाशातून रात्री दुसरी एक जागल चाललेली असते. दिल्ली, बंगळूर आणि कळमनुरी तालुका ही तिन्ही ठिकाणे ७७ व ७८ या पूर्व रेखांशांच्या दरम्यान येतात. म्हणजे उत्तर-दक्षिण हवाई वाहतुकीची सरळ रेषा ओढली, तर ती याच पट्ट्यातून जाते. उत्तररात्री केळीच्या बागेत पाण्याची दारे मोडणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून जो मिणमिणता दिवा सरकत जातो, त्या दिव्यामागे दोन माणसे जागी असतात, निदान ती जागी असावीत अशी आपली अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचा विषय ही अपेक्षा आणि तिचा इतिहास हा आहे.

प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. विमानविद्येचा किंवा वैद्यकाचा नव्हे. तेव्हा ‘वैमानिकांचा थकवा व मानसिक स्वास्थ्य’ या विषयात त्याने शिरावे याचे कारण आरंभीच सांगणे अवश्य आहे. थकवा हा अनुभव विमानाइतका नवा नाही. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासात या अनुभवाला अधिकृत नाव मिळण्यास फार विलंब लागला. नाव नव्हते तोवर तो अनुभव कागदावर येत नव्हता. कागदावर येत नव्हता म्हणून त्याचा विचार होत नव्हता. आणि विचार होत नव्हता तोवर त्याचे परिणाम दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली नोंदले जात होते. ते दुसरे नाव म्हणजे ‘वैमानिकाची चूक’. एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे झालेला हा प्रवास म्हणजेच या विषयाचा इतिहास होय, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम आपल्या भाषेची सामग्री पाहू. श्रमाने येणाऱ्या अवस्थेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. थकणे, भागणे, दमणे, शिणणे ही क्रियापदे आणि थकवा, शीण, शिणवटा, ग्लानी ही नामे सर्वांच्या परिचयाची आहेत. यांपैकी ‘थकणे’ हे प्राकृतातील ‘थक्कइ’ या रूपाशी संबद्ध असून त्याचा मूळ अर्थ ‘थांबतो’ असा आहे. ‘भागणे’ याचा संबंध संस्कृत ‘भग्न’ या शब्दाशी लावला जातो. भागलेला म्हणजे मुळात मोडलेला. थकलेला माणूस थांबतो आणि भागलेला मोडतो, ही या दोन शब्दांच्या पोटातली जुनी समजूत आहे. शेतात, वाटेवर किंवा जात्यावर ती खरी ठरते. थकलेला नांगऱ्या औत सोडतो, थकलेला वाटसरू झाडाखाली टेकतो. आकाशात मात्र थकणाऱ्यास थांबता येत नाही. मनुष्याने असे एक काम निर्माण केले, की ज्यात थकणे आणि थांबणे यांची जुनी सांगड कायमची तुटली.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. मराठीत ‘त्याला झोप आली’, ‘त्याला थकवा आला’, ‘त्याला डुलकी लागली’ अशी वाक्ये होतात. येथे अनुभवणारा मनुष्य चतुर्थीत येतो. झोप ही त्याच्याकडे येणारी, त्याला लागणारी गोष्ट असते. याउलट ‘त्याने चूक केली’ या वाक्यात तोच मनुष्य तृतीयेत येतो आणि क्रियेचा पुरता धनी होतो. या दोहोंच्या मध्ये ‘त्याच्याकडून चूक झाली’ अशी तिसरी रचनाही आपल्याकडे आहे. तीत कृत्य नाकारलेले नसते, पण हेतू वगळलेला असतो. एकच घटना या तीन रचनांपैकी कोणत्या रचनेत सांगितली जाते, यावर ऐकणाऱ्याचा न्याय बराचसा अवलंबून असतो. विमान अपघातांची कागदपत्रे दीर्घकाळ पहिल्या प्रकारचे वाक्य टाळून दुसऱ्या प्रकारात लिहिली गेली. ती बहुधा इंग्रजीत लिहिली गेली हे खरे. तथापि हा भेद ओळखण्यास मराठीची जाण उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

३

विमानोड्डाणाच्या पहिल्या पर्वात थकवा हा दोष नव्हता. तो पराक्रमाचा अलंकार होता. २० व २१ मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग याने न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने सुमारे साडेतेहतीस तास उड्डाण केले. आदल्या रात्रीही त्याला झोप मिळाली नव्हती. जगाने त्याच्या जागरणाचे कौतुक केले. मात्र त्या प्रवासात आपल्याला विमानात अशरीरी आकृतींची सोबत भासली होती, ही गोष्ट लिंडबर्गने आपल्या १९२७ च्या वृत्तांतात सांगितली नाही. ती त्याने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या ग्रंथात विस्ताराने लिहिली. निद्रानाशाने मनावर काय परिणाम होतो याची ही एक अस्सल साक्ष. ती बाहेर येण्यास २६ वर्षे लागली. सर्व जगाने डोक्यावर घेतलेल्या वैमानिकासही आपल्या मनाची अवस्था सांगण्यास इतका काळ जावा लागला, तर नोकरीवरच्या सामान्य वैमानिकाची कथा काय असेल, याची कल्पना करता येईल.

आपल्याकडे नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक लहान विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. तेथून ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलात जाई, म्हणून त्या दिवसांत पुण्याहून उड्डाणे होत. रेडिओचे साहाय्य नाही, सोबतीला दुसरा वैमानिक नाही, खाली ओळखीची नदी किंवा रेल्वेचा रूळ हाच काय तो वाटाड्या. परंतु हे काम दिवसाउजेडी चाले. सूर्यास्त हाच त्या वैमानिकाचा कामगार कायदा होता. रात्र आली की काम थांबे, आणि थकणे व थांबणे यांची जुनी जोडी तोवर तरी टिकून होती.

४

ही जोडी भारतात नियमितपणे तुटली ती महाराष्ट्राच्या भूमीवर, नागपुरात. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. तिची रचना साधी व कल्पक होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत. ती मध्यरात्रीच्या पुढेमागे नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई. आणि उजाडेपर्यंत विमाने पुन्हा आपापल्या मुक्कामी पोहोचत. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरचे भौगोलिक स्थान या योजनेस अत्यंत सोयीचे होते. सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हजार मैलांवर वाटले जाऊ लागले. १९५३ मध्ये डेक्कन एअरवेजसह आठ खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ही सेवा इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आली. पुढे जेट विमानांचा प्रसार झाला आणि ती मावळली.

या सेवेविषयी अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र तिची एक बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. तिचे सर्व काम रात्रीच्या अशा प्रहरात चाले, की ज्या प्रहरात मनुष्यशरीराची सावधता सर्वांत खाली गेलेली असते. आज शरीरशास्त्रज्ञ उत्तररात्री दोन ते सकाळी सहा या काळास जैविक घड्याळाचा नीचांक मानतात. या वेळी शरीराचे तापमान उतरते आणि प्रतिक्रिया मंदावतात. हे ज्ञान त्या काळी विमानसेवेच्या वेळापत्रकात उतरलेले नव्हते. वेळापत्रक टपालाच्या सोयीने आखले जाई. वैमानिकाने त्यात बसावयाचे असे.

१२ डिसेंबर १९५३ च्या उत्तररात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले डकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. एक एंजिन बंद पडले होते. १३ जण मृत्यू पावले. वैमानिक तेवढा वाचला. पुढे ७ जुलै १९६२ रोजी सिडनीहून रोमकडे जाणारे अलितालिया कंपनीचे विमान मुंबईस उतरण्यापूर्वी जुन्नर परिसरातील डोंगरावर रात्रीच्या अंधारात आदळून ९४ जण ठार झाले. दिशाज्ञानातील चूक आणि त्यामुळे अकाली खाली येणे, हे त्या अपघाताचे कारण ठरविण्यात आले. हे दोन्ही अपघात थकव्यामुळे झाले, असा माझा मुळीच दावा नाही. माझा मुद्दा निष्कर्षांच्या भाषेविषयी आहे. त्या काळच्या चौकशीला ‘काय केले’ हा प्रश्न विचारता येत होता. ‘कोणत्या अवस्थेत केले’ हा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. एंजिन बंद पडले, उंची सोडली, मार्ग चुकला ही सर्व क्रियापदे कागदावर येत. वैमानिक किती वाजल्यापासून जागा होता, आदल्या दोन रात्री तो कुठे व किती झोपला, यांसाठी कागदावर रकानाच नव्हता. आणि ज्यास रकाना नाही, ते नोंदले जात नाही, हा कोणत्याही दप्तराचा नियम आहे.

५

शास्त्राने मात्र या प्रश्नाला युद्धकाळातच हात घातला होता. दुसऱ्या महायुद्धात केंब्रिज विद्यापीठात केनेथ क्रेक याच्या कल्पनेतून विमानचालकाच्या कक्षाची प्रतिकृती तयार करण्यात आली आणि तीत वैमानिकांना दीर्घ वेळ बसवून त्यांच्या कामाची मोजणी झाली. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९४१ च्या आपल्या एका व्याख्यानात या प्रयोगांतून निघालेला विचार मांडला. त्याचा सारांश असा, की कौशल्याच्या कामाने येणारा थकवा हा ओझे वाहणाऱ्याच्या थकव्याहून वेगळा असतो. हमालाचे स्नायू दुखतात व तो थांबतो. वैमानिकाचे हात चालूच राहतात. परंतु त्याचे अवधान आकुंचित होते, कडेच्या गोष्टी सुटू लागतात, आणि चांगले काम कशास म्हणावे याविषयीचे त्याचे माप त्याच्या नकळत खाली येते. काम संपत आल्याची जाणीव होताच चुका अधिक होतात, असेही दिसून आले.

या निष्कर्षातील ‘नकळत’ हा भाग सर्वांत गंभीर आहे. थकलेला मनुष्य आपण थकलो आहोत की नाही, हे ठरविणारे साधनच गमावून बसतो. ‘मी थकलो’ हे वाक्य मराठीत भूतकाळात येते; म्हणजे थकवा पुरता आल्यावरच आपण ते उच्चारतो. थकवा येत असताना ते उच्चारावयाचे, तर स्वतःच्या शब्दापलीकडचे काही प्रमाण हवे. असे प्रमाण म्हणून घड्याळाचा उपयोग होऊ लागला. १९९७ मध्ये ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सतत १७ तास जागे राहिल्यानंतर मनुष्याच्या कार्यक्षमतेत होणारी घट ही रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होणाऱ्या घटीच्या बरोबरीची असते. मद्य घेऊन विमान चालविणे हा गुन्हा; १७ तास जागून चालविणे ही मात्र कर्तव्यनिष्ठा. दोन अवस्था जवळपास सारख्या, पण त्यांची नावे परस्परविरुद्ध. नामकरणाने न्याय कसा बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे एक संशोधन भाषेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांबच्या उड्डाणातील वैमानिकांना, सहकारी जागा असताना, ४० मिनिटांची योजनापूर्वक विश्रांती देण्यात आली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि त्यानंतर त्यांची सावधता व कार्यक्षमता वाढलेली आढळली. मराठीत ‘डुलकी लागणे’ आणि ‘डुलकी घेणे’ असे दोन प्रयोग आहेत. लागते ती डुलकी माणसावर मात करते. घेतली जाते ती माणसाच्या ताब्यात असते. या अभ्यासाने लागणाऱ्या डुलकीस घेतलेल्या डुलकीचा पर्याय सुचविला, असे म्हणता येईल. युरोप, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे अशा नियंत्रित विश्रांतीस मान्यता मिळाली. अमेरिकेने स्वतःच्या देशात ती मान्य केली नाही.

अधिकृत नामकरणाचा क्षण त्याच सुमारास आला. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातील ग्वांतानामो येथे एक मालवाहू विमान उतरताना कोसळले. त्या अपघाताच्या चौकशीत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकवर्गाचा थकवा हे अपघाताच्या संभाव्य कारणांत प्रथमच नमूद केले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणास तोवर ९० वर्षे होत आली होती.

६

आपल्या देशात हा क्षण मंगळूरच्या अपघाताने आणला. २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. ८ जण वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख एअर मार्शल भूषण गोखले हे होते. ध्वनिमुद्रणयंत्रात सुमारे दोन तास पाच मिनिटांचे मुद्रण होते. त्यातील पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कप्तान झोपलेला असल्याचे, त्याच्या घोरण्याच्या व दीर्घ श्वासाच्या आवाजांवरून, चौकशीत निष्पन्न झाले. विमान धावपट्टीच्या आरंभापासून सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले; धावपट्टीची एकूण लांबी सुमारे ८,००० फूट होती. सहवैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याचे तीनदा सुचविले होते.

अहवालाने अपघाताचे प्रत्यक्ष कारण म्हणून कप्तानाच्या कृतीवर बोट ठेवले. परंतु त्याच्या जोडीला, दीर्घ झोपेतून उठल्यावर काही काळ टिकणारी जडता, हे साहाय्यक कारण म्हणून नोंदविले. यास आपण ‘निद्राजडत्व’ म्हणू. बोलभाषेत यालाच झोपेची गुंगी म्हणतात. ‘उठला, पण अजून जागा झाला नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. घरात जी गोष्ट आजीलाही ठाऊक असते, ती भारतीय चौकशीच्या कागदावर यावयास १५८ प्राण खर्ची पडावे लागले. तरीही या अहवालाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. त्यात ‘काय केले’ या प्रश्नाशेजारी ‘कोणत्या अवस्थेत’ हा प्रश्न मांडला गेला. तृतीयेच्या शेजारी चतुर्थीस जागा मिळाली.

या घटनेच्या पार्श्वभूमीवर नियमांचा इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकेत वैमानिकांच्या उड्डाणास महिन्याला ८५ तासांची मर्यादा १९३४ मध्येच घातली गेली होती. भारतात १९९२ च्या परिपत्रकानुसार कामाचे व विश्रांतीचे तास ठरत असत. जुलै २००७ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना अधिक विश्रांती देणारे नवे नियम काढले. २००८ मध्ये ते स्थगित करून १९९२ चीच व्यवस्था पुन्हा लागू करण्यात आली. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी महासंचालनालयाने नवे नियम प्रसिद्ध केले. मंगळूरचा अपघात या स्थगितीच्या काळात घडला. स्थगितीमुळे तो घडला, असे विधान पुराव्याअभावी करता येणार नाही. परंतु कालक्रम नोंदविणे हे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे.

७

येथवर थकव्याचा विचार झाला. मनाच्या आजाराचा इतिहास याहून अवघड आहे, कारण त्याचे नाव उच्चारणेच धोक्याचे ठरते. वैमानिकाचा परवाना वैद्यकीय पात्रतेवर अवलंबून असतो, आणि त्या पात्रतेच्या भाषेत मुख्यतः दोनच शब्द आहेत : पात्र आणि अपात्र. माणसाचे मन मात्र बहुतेक वेळ या दोहोंच्या मध्ये वावरते. झोप लागत नाही, जीव रमत नाही, घरी गेल्यावर घरचेही परके वाटते, या तक्रारींसाठी पात्र-अपात्रतेच्या भाषेत शब्द नाही. साहजिकच वैमानिक गप्प राहतो. आपल्या गावाकडेही यापेक्षा निराळी स्थिती नाही. ‘मन लागत नाही’ येथवर बोलणे चालते. त्यापुढची पायरी एकदम ‘डोक्यावर परिणाम झाला’ ही असते, आणि तो शब्द एकदा चिकटला की निघत नाही. मधल्या पायऱ्यांसाठी शब्द नसणे हे दोन्हीकडचे समान दुखणे आहे.

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने आल्प्स पर्वतात विमान हेतुपुरस्सर कोसळविले आणि १५० जण मृत्यू पावले. त्याच्या मानसिक आजाराची माहिती डॉक्टरांस होती, कंपनीस नव्हती. या घटनेनंतर जगाने वैमानिकांच्या मनाकडे पाहिले, पण पहिली नजर संशयाची होती. दुसऱ्याच वर्षी हार्वर्ड येथील संशोधकांनी एक निनावी पाहणी प्रसिद्ध केली. नैराश्यविषयक प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या १,८४८ वैमानिकांपैकी १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसत होते आणि ४.१ टक्क्यांनी मागील दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे नमूद केले होते. हे लोक प्रवाशांस धोकादायक होते असा याचा अर्थ नव्हे. ते आपले काम करीत होते आणि नाव द्यावे लागत नाही तेव्हाच खरे बोलत होते, एवढाच याचा अर्थ आहे.

यातून दोन मार्ग पुढे आले. एक, उपचार घेणाऱ्यास दार बंद न करणे. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २०१० मध्येच चार विशिष्ट नैराश्यनाशक औषधे घेणाऱ्या वैमानिकांना, देखरेखीखाली, उड्डाणाची वाट मोकळी केली होती. दुसरा, वैमानिकाने वैमानिकाशी विश्वासाने बोलण्याची व्यवस्था. युरोपात अशी साहाय्ययोजना २०२१ पासून बंधनकारक झाली. भारतातही महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ च्या वैद्यकीय परिपत्रकाद्वारे मानसिक स्वास्थ्याची तपासणी व सहकाऱ्यांकरवी आधार या दोन्ही गोष्टी सांगितल्या.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जण मृत्यू पावले. त्यानंतर चार दिवसांनी, १६ जून रोजी, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळविले. त्यांत ५१ कप्तान व ६१ सहवैमानिक होते. ही माहिती नागरी विमानवाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात दिली. येथे ‘आजारी’ हा शब्द काळजीपूर्वक वाचावयास हवा. दुःख, भय, सहकारी गमावल्याची पोकळी यांपैकी कशासही रजेच्या अर्जात रकाना नसतो. जो रकाना उपलब्ध होता, तो त्यांनी भरला.

८

अगदी अलीकडचा टप्पा नियमांचाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने सुधारित नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सकाळी सहापर्यंत वाढविली. रात्रीच्या कामात विमान उतरविण्याची संख्या दोनवर आणली. हे नियम जून २०२४ पासून अमलात यावयाचे होते; ते लांबणीवर पडले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर ते १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत लागू झाले. डिसेंबरच्या आरंभी इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीस नव्या नियमांप्रमाणे वैमानिकांची जुळणी साधली नाही. ५ डिसेंबर २०२५ या एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या कामाविषयीच्या काही तरतुदींतून त्या कंपनीस तात्पुरती सूट देण्यात आली.

त्या दिवसांत विमानतळांवर अडकलेल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येई : ‘वैमानिकांच्या विश्रांतीमुळे विमाने रद्द झाली.’ या वाक्याची तपासणी करून पाहावी. नियम जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झाले होते. तयारी अपुरी राहिली. तरीही वाक्यात कारण म्हणून आली ती विश्रांती. पूर्वी थकवा ‘चूक’ या नावाखाली झाकला जात होता. आता विश्रांती ‘अडथळा’ या नावाखाली मांडली जाऊ लागली. नाव बदलले, पण भार पुन्हा त्याच खांद्यावर आला.

‘विश्रांती’ हा शब्दही निःशंकपणे वापरण्यासारखा नाही. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याकडे निघण्याच्या तयारीत असलेला एक वैमानिक विमानात जाण्यापूर्वीच कोसळला व मृत्यू पावला. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळात त्याने दोन उड्डाणे केली होती आणि त्यानंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे त्याच्या कंपनीने सांगितले. त्या मृत्यूचा संबंध कामाशी जोडणे उचित नव्हे. परंतु त्या निमित्ताने एक भेद स्पष्ट करता येतो. नियमातील विश्रांती म्हणजे कामावर नसणे. शरीराची विश्रांती म्हणजे झोप. पहाटेच्या कामानंतर भर दिवसा, परक्या गावाच्या खोलीत, पडदे ओढून पडलेल्या माणसाचे तास मोजता येतात. त्याची झोप मोजता येत नाही. एका शब्दाने दोन गोष्टी दर्शविल्या जातात, तेव्हा सोयीची गोष्ट मोजली जाते आणि खरी गोष्ट मोजावयाची राहते.

९

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात मांडतो. वैमानिकांच्या थकव्याचा इतिहास तीन अवस्थांतून गेला आहे. पहिल्या अवस्थेत तो पराक्रम म्हणून मिरविला गेला. दुसऱ्या अवस्थेत तो ‘चूक’ या नावाखाली लपला. तिसऱ्या अवस्थेत त्यास स्वतःचे नाव मिळाले, पण ते नाव उच्चारणाऱ्यास अद्याप किंमत मोजावी लागते. मनाच्या आजाराच्या बाबतीत तर आपण दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थांच्या सीमेवरच आहोत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे कामास जागा आहे. भाषा संचालनालयाने १९६० पासून पारिभाषिक शब्दांचे मोठे काम केले आहे. परंतु श्रम, जागरण आणि मनःस्थिती यांविषयीचे बोलींतील शब्द अजून पद्धतशीरपणे गोळा व्हावयाचे आहेत. रात्रपाळीचा कामगार, मालमोटारीचा चालक, परिचारिका, पाणी देणारा शेतकरी हे सर्व आपल्या अवस्थेचे बारकावे ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द मिळाले, तर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ यांमधल्या रिकाम्या जागेत ठेवावयास काही हाती येईल. परिभाषा वरून खाली पाठविण्याऐवजी खालून वर नेण्याचा हा एक मार्ग होईल.

शेवटी डोंगरकड्याच्या जागलीकडे वळतो. गावातील जागलीचा एक अलिखित नियम आहे : ती पाळीने करावयाची असते. एकाला पेंग येऊ लागली की तो शेजारच्या शेतातल्या सोबत्यास हाक देतो आणि म्हणतो, ‘मला झोप येतेय, तू बघ थोडा वेळ.’ या वाक्यात चतुर्थी आहे, वर्तमानकाळ आहे आणि लाज नाही. ऐकणाराही त्यास कामचुकार म्हणत नाही. तो उठून दारे धरतो. तीस-पस्तीस हजार फुटांवरून त्याच वेळी जाणाऱ्या माणसास हेच वाक्य, याच व्याकरणात, नोकरी व परवाना न गमावता म्हणता आले पाहिजे. नियमांचे तास आणि चौकशीचे अहवाल यांचे अंतिम प्रयोजन एवढेच आहे.